करवंटीची होडी खरी की खोटी?

लहान मूल नारळाची करवंटी पाण्यात सोडतं आणि म्हणतं, "ही माझी होडी." ते खरं बोलतं की खोटं?

प्रश्न ऐकून तुम्ही म्हणाल, हिला दुपारी काम नाही वाटतं. पण मैत्रिणींनो, घरात चार वर्षांचं मूल असलं की हा प्रश्न दिवसातून दहा वेळा समोर येतो. लाटण्याचा घोडा होतो, ओढणीची नदी होते, डब्याच्या झाकणाचं गाडीचं स्टिअरिंग होतं. आणि आपण काय म्हणतो? "अरे, ते लाटणं आहे, ठेव जागेवर." त्यात कोणी पाहुणी आलेली असली तर तीही हसून म्हणते, "फार थापा मारतो हो हा!" सत्य हे अणुव्रत मानणाऱ्या आपल्या घरांत तर एखादी आजी खरोखरच काळजीत पडते. आज करवंटीला होडी म्हणतो, मोठेपणी कशाला काय म्हणेल?

तेव्हा आधी या प्रश्नाचा निकाल लावू. मुलांच्या हातात काय द्यायचं आणि आपण त्यात किती लुडबुड करायची, हे त्या उत्तरावरच ठरणार आहे.

पाठशाळेत ज्यांनी तत्त्वार्थसूत्र पाठ केलं असेल त्यांना पहिल्या अध्यायातलं पाचवं सूत्र आठवेल. वस्तूचा व्यवहार चार तऱ्हांनी होतो, असं ते सांगतं : नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. यातली स्थापना म्हणजे एका वस्तूच्या ठिकाणी 'ही ती आहे' असं मानणं. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत ही स्थापना समजावताना उदाहरणं कोणती घेतली आहेत बघा : लाकडाच्या आकृती, माती-कापडाच्या आकृती, चित्र, खेळातले फासे. बालवाडीचं कपाट उघडल्यासारखंच वाटतं की नाही? पुढे स्थापनेचेही दोन प्रकार सांगतात. मूळ वस्तूसारखा आकार असेल तर ती तदाकार स्थापना. आकार तसा नसतानाही मानली तर अतदाकार. बुद्धिबळाच्या पटावरचं लाकडाचं ठोकळं उंट कुठे दिसतं? तरी आपण 'माझा उंट मारला' म्हणतो, आणि समोरचाही 'हा उंट नव्हेच' म्हणून भांडत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या ग्रंथांत सत्याचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत नामसत्य आहे, रूपसत्य आहे, उपमासत्य आहे आणि स्थापनासत्यही आहे. म्हणजे करवंटीला होडी म्हणणारं मूल शास्त्राच्या हिशेबानेसुद्धा असत्य बोलत नाही. ते स्थापना करतं, तीही अतदाकार, म्हणजे दोन्हींतली अवघड.

शास्त्र बाजूला ठेवून नुसतं मुलाकडे बघितलं तरी हेच दिसतं. खोटं बोलणाऱ्याला समोरच्याला फसवायचं असतं, म्हणून तो खरी गोष्ट लपवतो. हे मूल काहीच लपवत नाही. तहान लागली तर त्याच करवंटीतून पाणी पिईल. "चल, मी बसते तुझ्या होडीत," म्हणून आपण खरंच पाय उचलला तर खदखदून हसेल. ती करवंटी आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि ती होडीही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणं त्याला जमतं. वस्तूला अनंत धर्म आहेत, ती एकाच बाजूने संपत नाही, हा अनेकांताचा धडा आपण पर्युषणात प्रवचनाला बसून ऐकतो. मूल तोच धडा परसातल्या ओहोळाशी बसून गिरवत असतं.

श्वेतांबर परंपरेच्या भगवती सूत्रात अतिमुक्त कुमारांची कथा आहे. पुष्कळांच्या घरी ती अयमंता किंवा अइमुत्ता मुनी या नावाने सांगतात. अगदी कोवळ्या वयात त्यांनी दीक्षा घेतली. एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर ते बाहेर गेले. वाटेत पाण्याचा ओहोळ वाहत होता. बालमुनींनी मातीचा बांध घातला, पाणी अडवलं, हातातलं भिक्षेचं पात्र त्यात सोडलं आणि 'माझी नाव, माझी नाव' म्हणत खेळू लागले. मागून येणाऱ्या स्थविर साधूंनी ते पाहिलं. साधूने कच्च्या पाण्याला स्पर्शही करायचा नसतो, आणि हा तर पाण्यात खेळतो आहे! ते थेट भगवान महावीरांकडे गेले आणि विचारलं, आपला हा शिष्य किती भवांनी मुक्त होणार? भगवान म्हणाले, याच भवात. आणि वर सांगितलं की त्याची हेटाळणी करू नका, निंदा करू नका. त्याला सांभाळून घ्या, त्याची सेवा करा.

ही कथा प्रवचनात बहुतेक वेळा पुढच्या पश्चात्तापासाठी सांगतात. ते बरोबरच आहे. पाण्याच्या जिवांची विराधना झाली, तिचा विचार हवाच. पण मला त्यातलं मधलं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. तक्रार मुलाची होती आणि सूचना मोठ्यांना मिळाली. 'मुलाला समजावा' असं भगवानांनी आधी म्हटलं नाही. आधी मोठ्यांना म्हणाले, त्याला हिणवू नका. आपल्यापैकी किती घरांत या क्रमाने बोललं जातं?

आता साहित्याकडे येऊ. स्थापना तदाकार असेल तर मानायला कष्ट पडत नाहीत. बॅटरीवर चालणारी, दिवे लागणारी, आवाज काढणारी प्लास्टिकची होडी बाजारातून आणली की ती होडीच असते. तिच्यात मानण्याचं सगळं काम कारखान्यातल्या कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. मुलाने फक्त बटण दाबायचं. दोन दिवसांनी ते कंटाळतं आणि आपण म्हणतो, "एवढं महागाचं आणलं, ढुंकून बघत नाही!" ते तरी काय करणार? त्या खेळण्यात त्याच्यासाठी काम शिल्लकच ठेवलेलं नसतं. उलट करवंटी, काथ्या, चिंधी, रिकामी काड्यापेटी यांना स्वतःचा हट्ट नसतो. मुलाने मानलं तरच ती काहीतरी होतात.

सायमन निकल्सन नावाच्या इंग्रज कलावंताने १९७१ साली एका लेखात हाच विचार मांडला. लेखक स्वतः शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांचा मुलगा. त्याचं म्हणणं असं की प्रतिभा काही थोड्या लोकांनाच मिळालेली असते हा समज चुकीचा आहे. भोवती हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त आणि जितक्या तऱ्हेच्या, तितकी माणसाला नवं काही सुचायला जागा जास्त. मोठी माणसं सगळं आधीच बांधून, रंगवून, घट्ट बसवून ठेवतात आणि मग मुलांना काही सुचत नाही म्हणून कुरकुरतात. पिकासोने १९४२ साली सायकलची जुनी सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. जग त्याला शिल्प म्हणतं. आपल्या नातवाने तेच केलं तर आपण आधी विचारू, "सीट कुणाच्या सायकलची काढलीस?"

सुट्या वस्तूंची आपल्या गोव्यात कमी आहे का? मी डिचोलीत राहते. इथल्या कुंभारांची मातीची भांडी गोवाभर नावाजलेली. मातीचा एक गोळा मुलाच्या हाती दिला तर तो दिवसभर पुरतो. आधी साप होतो, सापाची वेटोळी होऊन वाटी होते, वाटी मोडून हत्ती होतो. माडाखाली तर दुकानच मांडलेलं असतं. करवंटी, सोडण, काथ्या, हिराच्या काड्या, गळून पडलेलं चुडत. चुडताच्या पातीची पिपाणी होते, भिंगरी होते, मनगटावरचं घड्याळ होतं. पोफळीची गळालेली विरी ही तर गाडीच, एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. आंब्याची कोय घासून वाजवता येते. फणसाच्या आठळ्या, चिंचोके, वाळलेल्या शेंगा यांचं मोल मोठ्यांना नसतं, मुलांना असतं. एक सांभाळायचं : लालकाळ्या गुंजा दिसायला गोड असल्या तरी विषारी असतात. तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाला त्या देऊ नयेत. चिंचोक्यासारख्या लहान बियाही तीन वर्षांखालच्यांच्या हाती नकोत, त्या नाकाकानात जातात.

रंगांचंही तसंच. हळद, कुंकू, कोळसा, आमसुलाचं पाणी आणि आपल्या पायाखालची लाल काव. पेडण्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रं आहेत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा, अशी ती रीत. काव इथल्या मातीतली, चुना शिंपल्यांचा. चित्र काढायचं म्हणजे रंग आधी बाजारातून आणले पाहिजेत हा विचार त्या कारागिरांच्या मनात आला नसणार. मुलांना ही गंमत जुन्या पुठ्ठ्यावर सहज करता येते. पुठ्ठ्याला लाल माती फासायची, थोडी सुकू द्यायची आणि काडीने ओरखडायचं.

शाळेतून कधी कधी निरोप येतो, उद्या ठसेकामासाठी बटाटा आणा. आपल्या घरांत कंदमुळं नसतात, मग आईची धांदल उडते. शेजारणीकडून मागून आणायचा की शाळेत चिठ्ठी पाठवायची? दोन्हींची गरज नाही. निबर झालेली, भाजीत न चालणारी भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार असतं, ते कोरावंसुद्धा लागत नाही. शेजारच्या मुलीने एकदा भेंडीचे ठसे कागदभर उठवले आणि म्हणाली, "मावशी, ह्या चांदण्या. फुलं नव्हेत हां!" मी फूल म्हणण्याच्या बेतात होते, गप्प राहिले.

हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड. आपल्याला मदत करायची हौस असते. मूल काहीतरी करतंय असं दिसलं की आपण सरसावतो. "असं नाही, थांब, मी दाखवते." आपण सुबक मासा काढून दाखवतो आणि मग ते मूल पुढचे सहा महिने तोच मासा काढतं. किंवा विचारतो, "हे काय केलंस?" त्याने अजून ठरवलेलं नसतं. आपल्या प्रश्नाने त्याला घाईने काहीतरी नाव द्यावं लागतं. त्यापेक्षा "मला सांग ना याच्याबद्दल," म्हटलं तर ते अर्धा तास बोलतं. आणि 'वा, किती छान!' हे दर दोन मिनिटांनी म्हणायची गरज नाही. मूल मग कागदाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

प्रकल्पांबद्दल तर काय बोलावं! रात्री अकरा वाजता आई थर्मोकोलचा किल्ला कापत बसलेली आणि ज्याचा प्रकल्प तो झोपलेला, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. सकाळी तो किल्ला मुलाच्या नावाने शाळेत जातो. करवंटीची होडी खोटी की खरी यावर आपण वाद घालतो. या किल्ल्यावरच्या नावाला कोणतं सत्य म्हणायचं? दहा प्रकारांत तरी मला ते सापडलं नाही.

मुलांसाठी परिसरातलं साहित्य ही गरिबाची तडजोड आहे, असं काहींना वाटतं. त्यांना ताराबाई मोडकांची आठवण करून द्यावीशी वाटते. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीत काम केलं होतं, माँटेसरींची पद्धत त्यांना आतून माहीत होती. पण ती साधनं महागडी, शहरातल्या मोजक्या मुलांच्या वाट्याला येणारी. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली मुलांसाठी त्यांनी शंखशिंपले, खडे, बिया, पानं, माती यांचीच साधनं केली. मोजणी त्यांनी, रंग-आकार त्यांनी, खेळही त्यांनीच. मुलं शाळेत येत नव्हती तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, त्यामागे ही दोन बायकांची पायपीट आहे. शासनाने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिलं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

आपल्या गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाची सुरुवात २०२३ साली या लहान मुलांच्या पायाभूत टप्प्यापासूनच झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एनसीईआरटीने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला. त्यात खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रं असं बरंच काही आहे. चांगलंच आहे. फक्त एक होऊ नये. सरकारी पेटी कपाटात कुलूपबंद, आणि 'साहित्य आलं नाही' म्हणून अंगणातल्या बिया अंगणातच, असं घडलं तर ताराबाईंनी केलेलं काम आपण उलटं फिरवलं असं होईल.

आता मला ज्याचं उत्तर सहज देता येत नाही त्याबद्दल बोलते. मुलाची कल्पना सत्य आहे असं आपण म्हटलं. मग ती जर सत्य आहे तर तिला पापपुण्यही लागू होतं की नाही?

यशोधर राजाची कथा आपल्याला माहीत आहे. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात यशस्तिलकचंपूत ती विस्ताराने सांगितली. राजाने आईला दुःस्वप्न पडल्याचं सांगितलं. आई म्हणाली, देवीला बळी दे. राजा हिंसेला तयार नव्हता. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि त्याचा बळी दिला. कोंबडा पिठाचाच, पण मारण्याचा संकल्प खरा. त्या एका संकल्पापायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. म्हणून तर आपल्या पुष्कळ घरांत प्राण्यांच्या आकाराची साखरेची चित्रं मुलांना खायला देत नाहीत आणि वाढदिवसाला सशाच्या आकाराचा केक कापत नाहीत. बाहेरच्यांना हे अती वाटतं. मला नाही वाटत. कल्पनेला एवढ्या गंभीरपणे घेणारी परंपरा तिला थापा कशी म्हणेल?

पण मग पाच वर्षांचा मुलगा गुलमोहराच्या शेंगेची तलवार करून "तू मेलास!" म्हणतो, तेव्हा काय करायचं? हिसकावून घ्यायची?

मी घेत नाही. यशोधर जाणता होता. बळीचं फळ मिळावं म्हणून त्याने पिठाला कोंबडा मानलं. त्या मुलाच्या मनात मारण्याची इच्छा असते की आपण शूर आहोत हे बघण्याची, हे मला बाहेरून ठरवता येत नाही. बरेचदा मेलेला गडी दोन मिनिटांत उठतो आणि दोघं मिळून किल्ला बांधायला लागतात. मात्र माझ्या बाजूने मी एक ठरवलेलं आहे. कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन दारं आपण मानतो. मुलाच्या हातून होतं ते त्याचं. पण खेळण्यातली बंदूक विकत आणून देणं हे कारित झालं आणि "बघा कसा उडवला!" म्हणून टाळ्या वाजवणं हे अनुमोदन झालं. ही दोन दारं माझ्या हातात आहेत, ती मी बंद ठेवते. आणि मेलेल्याच्या घरी कोण कोण आहे, त्याची आई काय म्हणाली, एवढं सहज विचारते. खेळाला कधी कधी वेगळंच वळण लागतं. कधी नाही लागत. कल्पनेला बळजबरीने सद्वर्तनी करता येत नाही, आणि तसं केलं तर मूल पुढच्या वेळी माझ्यासमोर खेळणार नाही, एवढंच होईल.

खऱ्या जिवाच्या बाबतीत मात्र मी सूट देत नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्र्याला, समुद्रकासवं थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येतात आणि वनखातं ती घरटी राखतं. पाहुण्यांची मुलं आली की आम्ही त्यांना तिकडे नेतो. शंखशिंपले वेचायचे, पण पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक शंख उलटा करून बघायचा, आत कोणी राहतं का. राहत असेल तर आहे तिथे ठेवायचा. मुलांना हा नियम जाच वाटत नाही, उलट तेवढ्यातच ती रमतात. घरी आल्यावर करवंटीची कासवं होतातच. फुलं-पानंही गळालेली घ्यायची, झाडावरची तोडायची नाहीत. वस्तूत दुसरं काही बघायला शिकायचं तर आधी ती कोणाची आहे हे बघायला शिकावं. शंखाला आपण राजवाडा म्हणू, पण एखाद्या खेकड्याचं ते खरंच घर असतं.

शेवटी उरतो पसारा. हे सगळं वाचताना तुमच्या मनात तोच आला असेल. आवरणार कोण? मुलांच्या कल्पनाशक्तीवर व्याख्यानं देणारे पुष्कळ असतात, केर काढायला कोणी येत नाही. म्हणून नियम हवेत. एक जुनी चटई, तिच्यावरच मांडायचं. एक टोपली, खेळून झालं की बिया बियांत आणि चिंध्या चिंध्यांत मुलांनीच लावायच्या. मळलेली कणीक खेळायला दिली तर ती त्याच दिवसापुरती. आणि हे काम आईचंच असं कुठे लिहिलंय? आजोबांना कातर-दोरा चांगला चालवता येतो. बाबांनाही सुटीच्या दिवशी चटईवर बसता येतं. एवढं करूनही थोडा पसारा राहतोच. तो नको म्हणून हातात मोबाईल दिला तर घर नीटनेटकं राहतं खरं, पण मुलाच्या हातांना काही काम उरत नाही.

आणि केलेल्या वस्तूंचं काय? आपल्याला त्या ठेवायच्या असतात, फोटो काढायचे असतात, नातेवाइकांना पाठवायचे असतात. मुलाला बहुधा त्यांची फिकीर नसते. काल जीव लावून केलेलं घर आज तेच मोडतं आणि त्याच्या काड्यांची शेकोटी मांडतं. आपल्याला हळहळ वाटते. पण भोवती बघा. चवथीला गोव्यातल्या घराघरांत गणपतीवर माटोळी बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं, वेली. काहीजण त्यांतून मोर आणि वाद्यंसुद्धा साकारतात, सरकारचं कला आणि संस्कृती खातं त्याच्या स्पर्धा घेतं. माणसं त्यासाठी रानोमाळ हिंडतात. आणि विसर्जन झालं की ती उतरवतात, कोणी जपून ठेवत नाही. अंगणातली रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. आपण मंदिरात पंचपरमेष्ठींचे पाच पुंज अक्षतांनी मांडतो, घरी येताना ते पुंज बरोबर आणतो का? करायचं मनापासून आणि सोडायचं सहज, हे अपरिग्रहाचं वळण मुलाला आपोआप असतं. त्याच्या चित्राला बक्षीस, शिक्का, चौकट असं काय काय लावून आपणच ते मोडतो. नरकासुराच्या रात्रीचंही तसंच झालंय. पूर्वी वाड्यावरची मुलं गवत, गोणपाट, रद्दी जमवून वेडावाकडा असुर उभा करत. आता मुखवटा बाजारातून विकत येतो आणि मोठ्यांच्या वर्गणीने स्पीकर लागतो. मुलं बाजूला उभी राहून बघतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. घरात एक टोपली असू द्या आणि तिच्यात रोज काहीतरी टाकत जा : दोरीचा तुकडा, बुचाचं झाकण, जुन्या साडीची किनार, चार चिंचोके. मूल त्यातून काही उचलून आपल्याकडे येईल आणि त्या वस्तूचं नवं नाव सांगेल. तेव्हा खरं नाव सांगायची घाई करू नका. ते त्याला ठाऊक असतं. नवं नाव आपल्याला ठाऊक नसतं, ते आधी ऐकून घ्या.